कॅटॅमरानचं नवं मेनसेल: आधी डोलकाठी मोजा, मग शीड मागवा

छोट्या रेसिंग कॅटॅमरानवर, म्हणजे दोन हल (तरंगती अंगं) जोडलेल्या शिडाच्या बोटीवर, एक-दोन हंगाम काढलेल्या माणसाचं मेनसेल (मुख्य शीड) थकलं, की तो हमखास एकच प्रश्न घेऊन येतो: "चौकोनी डोक्याचं घेऊ की टोकदार?" प्रश्न वाजवी आहे. किनाऱ्यावर उभं राहून दोन बोटींकडे पाहिलं तर डोळ्यात भरणारा फरक तोच असतो. पण शिडाचा आकार ठरवताना हा प्रश्न बराच उशिरा येतो. त्याआधी शर्यतीचे नियम, जुन्या शिडाची खरी अवस्था, डोलकाठीचा बाक आणि बोटीवरच्या माणसांचं वजन, एवढ्या गोष्टी हातात असाव्या लागतात. त्यातही डोलकाठीचा बाक सगळ्यांत महत्त्वाचा, आणि नवखी मंडळी नेमका तोच मोजत नाहीत.

आधी शब्द जुळवून घेऊ. शिडाची डोलकाठीच्या खोबणीत सरकणारी पुढची कड म्हणजे लफ, मागची मोकळी कड लीच आणि खालची कड फूट. वरचं टोक हेड, पुढचा खालचा कोपरा टॅक, मागचा खालचा कोपरा क्लू. हेडपासून क्लूपर्यंत सरळ रेघ ओढली तर तिच्या मागे उरणारं कापड म्हणजे रोच. कॅटॅमरानच्या शिडात रोच भरपूर असतो आणि लफपासून लीचपर्यंत आरपार जाणाऱ्या बॅटन (लवचिक पट्ट्या) त्याला उभा धरतात. कुठल्याही एका उंचीवर लफ ते लीच ही सरळ रेघ म्हणजे कॉर्ड. त्या रेघेपासून कापड जास्तीत जास्त जितकं बाहेर जातं ते शिडाचं पोट. पोटाची खोली आणि पोटाची जागा दोन्ही कॉर्डच्या टक्केवारीत सांगतात. खालून वर जाताना शीड वाऱ्याला हळूहळू मोकळं होत जातं, तो शिडाचा पीळ.

पहिलं काम: नियम वाचा

बोट वन-डिझाइन (सगळ्या बोटी एकसारख्या) वर्गातली असेल तर आकाराची निवड तुमच्या हातात नाहीच. हॉबी १६, डार्ट १८ किंवा २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये आलेली नॅक्रा १७, या बोटींचं शीड वर्गाने ठरवून दिलेलं असतं. शर्यतीत उतरायचं तर तेच घ्यावं लागतं. तरीही डोलकाठी आणि बॅटनबद्दल पुढे जे लिहिलं आहे ते जरूर वाचा, कारण वर्गाने मान्य केलेलं उत्तम शीडसुद्धा चुकीच्या बाकाच्या डोलकाठीवर वाईटच उभं राहतं.

काही वर्गांत फक्त चौकट ठरलेली असते आणि आतली रचना तुमची. फॉर्म्युला १८ मध्ये मेनसेलला १७ चौरस मीटरची मर्यादा आहे. ए-क्लासमध्ये १३.९४ चौरस मीटर मिळतात, आणि त्यात डोलकाठीचंही क्षेत्रफळ धरलं जातं. म्हणजे डोलकाठी जाड घेतली तर तेवढं कापड कमी होतं. अशा वर्गांत क्षेत्रफळ ठरलेलंच आहे, ते कुठे किती वाटायचं एवढंच तुमच्याकडे उरतं. डोकं रुंद करायचं तर तेवढं कापड मधून किंवा खालून काढावं लागतं.

वेगवेगळ्या बोटी एकत्र धावतात अशा हँडिकॅप शर्यतींत जात असाल तर रेटिंगचा (बोटीच्या वेगाचा अंदाज सांगणाऱ्या आकड्याचा) विचार आधी करा. एससीएचआरएस आणि टेक्सेल या दोन्ही पद्धतींत बोटीच्या मोजमापांवरून आकडा काढतात, शिडाचं क्षेत्रफळही त्यात येतं. शीड मोठं केलं की रेटिंगही बदलतं. नवीन शीड घेतल्यावर मोजमाप करून घेणं आणि शिक्का किंवा प्रमाणपत्र मिळवणं हे काम पहिल्या शर्यतीच्या सकाळवर ठेवू नका.

दुसरं काम: जुनं शीड खरंच गेलंय का?

अनेकदा शीड ठीक असतं आणि बॅटन मेलेल्या असतात. कधी लफमध्ये शिवलेला दोर आखडलेला असतो, त्यामुळे पुढची कड आवळून पोट फुगतं. म्हणून आधी फोटो काढा. मध्यम, स्थिर वाऱ्यात अपविंड (वारा येतो त्या बाजूला) जाताना फोन बूमच्या (फूटलगतच्या आडव्या काठीच्या) साधारण मध्यावर, फूटला टेकवून सरळ वर धरा. सगळं शीड हेडपर्यंत दिसलं पाहिजे. शिडावर आडव्या रंगीत पट्ट्या नसतील तर लफ ते लीच अशा तीन उंचींवर गडद चिकटपट्टी लावा: खालच्या पाव उंचीवर, मध्यावर आणि वरच्या पाव उंचीवर.

फोटो मोठा करून छापा आणि पट्टीने मोजा. समजा मधल्या पट्टीची कॉर्ड कागदावर १६० मिलिमीटर भरली आणि सर्वांत खोल जागी पोट १९ मिलिमीटर आहे. म्हणजे खोली जवळपास १२ टक्के. ती खोल जागा लफपासून ७२ मिलिमीटरवर असेल तर पोट ४५ टक्क्यांवर बसलंय. आता डाउनहॉल (लफ खाली ताणणारा दोर) जोरात ओढा आणि दुसरा फोटो काढा. पोट पुढे सरकलं, उथळ झालं, लीचचा वरचा भाग उघडला, तर शिडात जीव आहे. बॅटन बदला आणि अजून एक हंगाम काढा. डाउनहॉल शेवटपर्यंत ओढूनही पोट मध्याच्या मागेच राहत असेल आणि लीच आत वळलेलीच असेल, तर कापड ताणलं गेलंय. ते शीड बोटीला पुढे नेण्यापेक्षा आडवं ढकलतंय. सरावासाठी ठेवा, शर्यतीसाठी नवीन घ्या.

हे फोटो टाकून देऊ नका. नव्या शिडासाठी तुम्ही सेलमेकरला (शीड बनवणाऱ्याला) जी माहिती देणार आहात तिची ही सुरुवात आहे.

तिसरं काम: डोलकाठी

इथे मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे, कारण माझा एक अख्खा हंगाम याच कारणाने गेला. मी एक वापरलेलं मेनसेल घेतलं होतं. कापड कडक, शिवण सुंदर, आधीचा मालक त्याच शिडावर पुढच्या फळीत यायचा. माझ्या बोटीवर चढवलं आणि हलक्या वाऱ्यात ते छान वाटलं. वारा बारा नॉटच्या वर गेला की मात्र बोट वाऱ्याकडचा हल उचलून नुसती उभी राहायची, पुढे सरकायची नाही. डाउनहॉल हात दुखेपर्यंत ओढला तरी पोट जाईना. मी बॅटन बदलल्या, बोटीवरचे सगळे दोर एकेक करून तपासले, स्वतःच्या सुकाण धरण्यावर संशय घेतला. शेवटी एका अनुभवी सेलमेकरने ते शीड जमिनीवर अंथरलं, पुढच्या कडेचं कापड सपाट केलं आणि हेडपासून टॅकपर्यंत सुतळी ताणली. लफची कड त्या सुतळीच्या पुढे गोल बाहेर आलेली होती. मग आम्ही माझ्या डोलकाठीवर तशीच सुतळी ताणली. डोलकाठी त्यापेक्षा बरीच कमी वाकत होती. दोन्हींतला फरक त्याने सुतळीशेजारी दोन बोटं आडवी ठेवून दाखवला. ते शीड कार्बनच्या, मऊ डोलकाठीसाठी कापलेलं होतं. माझी अॅल्युमिनियमची होती, ताठ.

दोन बोटांनी एवढं काय बिघडतं, असं तेव्हा मलाही वाटलं होतं. गणित असं आहे. शिडाच्या लफची कड सरळ कापत नाहीत, बाहेरच्या बाजूला किंचित गोल कापतात. डोलकाठी सरळ असली की हे जास्तीचं कापड मागे ढकललं जातं आणि पोट बनतं. डोलकाठी वाकली की तिचा मधला भाग पुढे जातो, ते जास्तीचं कापड ओढून घेतो आणि शीड सपाट होतं. आता दोन मीटरची कॉर्ड घ्या. त्यावर १० टक्के पोट हवं तर कापड सरळ रेघेपेक्षा साधारण ५३ मिलिमीटर जास्त लागतं. १२ टक्क्यांसाठी ७७. आणि ८ टक्क्यांसाठी जेमतेम ३४. म्हणजे जोराच्या वाऱ्यातलं सपाट शीड आणि मंद वाऱ्यातलं फुगीर शीड यांच्यात चार-साडेचार सेंटिमीटर कापडाचाच खेळ आहे. डोलकाठीच्या बाकाचा अंदाज दोन-अडीच सेंटिमीटर चुकला तर पोट दोन टक्क्यांनी चुकलं.

पोटाचा दुसरा उगम म्हणजे ज्या कापडी पट्ट्यांचं शीड बनतं त्यांच्या शिवणी. शिंपी टक घालून कापडाला गोलाई आणतो, तसं सेलमेकर पट्टे जोडताना टोकाला किंचित चिमटा घेतो. हे पोट कायमचं, डोलकाठी वाकवून ते जात नाही. लफच्या गोलाईतून आलेलं पोट मात्र डोलकाठी वाकवून काढता येतं. चांगल्या शिडात या दोन्हींचं प्रमाण तुमच्या डोलकाठीकडे पाहून ठरवलेलं असतं.

मोजायचं कसं? दोन वेळा मोजा, एकदा निवांत आणि एकदा ताणाखाली.

निवांत मोजमाप असं. शीड न चढवता डोलकाठी उभी करा किंवा घोडीवर आडवी ठेवा. आडवी ठेवली तर ती स्वतःच्या वजनाने झुकते, म्हणून खोबण बाजूला येईल अशी ठेवा. डायमंड वायर (डोलकाठीला दोन्ही बाजूंनी आधार देणाऱ्या तारा) नेहमीच्या ताणावर असू द्या. शीड चढवायचा दोर किंवा बारीक न ताणणारी सुतळी हेडच्या जागेपासून टॅकच्या जागेपर्यंत खोबणीलगत घट्ट ओढा. स्प्रेडरच्या (त्या तारांना डोलकाठीपासून दूर धरणाऱ्या दांड्यांच्या) उंचीवर सुतळी आणि खोबण यांच्यातलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहा. हा डोलकाठीचा मूळ बाक. सोबत डायमंड वायरचा ताण आणि स्प्रेडर किती मागे झुकलेत तेही लिहा. हे दोन बदलले की मूळ बाकही बदलतो.

ताणाखालचं मोजमाप जुन्या शिडावर होतं. मंद वारा असलेल्या दिवशी बोट जमिनीवर नीट बांधून वाऱ्याकडे तोंड करून ठेवा, मेनशीट (शीड आत ओढायचा दोर) आणि डाउनहॉल शर्यतीत जोराच्या वाऱ्यात ओढता तितके ओढा. बाजूने, दूर उभं राहून, डोलकाठीच्या मध्याच्या शक्य तितक्या सरळ समोरून फोटो काढा. जवळून काढलेला फोटो सरळ काठीलाही वाकडी दाखवतो. फोटोवर हेड ते टॅक रेघ ओढून पाव, अर्ध्या आणि पाऊण उंचीवर बाक मोजा. तिन्ही आकडे लागतात. काही डोलकाठ्या मध्यात वाकतात, काही शेंड्याकडे. एकच आकडा दिला तर सेलमेकरला हा फरक कळणार नाही. फिरणारी डोलकाठी पुढे-मागे आणि आडवी सारखी ताठ नसते, म्हणून मोजताना तिचा फिरवलेला कोन नेहमीचाच ठेवा आणि तोही टिपून ठेवा.

डोलकाठी बदलली असेल, दुरुस्त केली असेल, स्प्रेडरला हात लावला असेल तर हे सगळं पुन्हा करा. "माझ्या मॉडेलची बोट आहे, तुमच्याकडे माप असेलच" या वाक्यावर ऑर्डर देऊ नका.

चौथं काम: माणसांचं वजन

शीड कितीही ताकदवान असलं तरी बोट जेवढी ताकद पेलू शकते तेवढीच कामाची. कच्चा हिशोब करून पाहा. अडीच मीटर रुंदीची, १८० किलोची बोट, ट्रॅपीझवर (बोटीबाहेर लटकायच्या तारेवर) दोघं मिळून १५० किलो. बोटीचा भार वाऱ्याखालच्या हलपासून सव्वा मीटरवर धरला आणि माणसांचा साडेतीन मीटरवर, तर बोट सरळ ठेवणारा जोर २२५ अधिक ५२५, म्हणजे ७५० (किलो गुणिले मीटर). शिडावरच्या वाऱ्याचा सगळा दाब पाच मीटर उंचीवर एकवटलाय असं धरलं तर बोट १५० किलोचा आडवा दाब पेलते. दोघं मिळून १२० किलोचे असतील तर हाच आकडा १२९ वर येतो. आणि १५० किलोच्याच जोडीने दाबाची जागा पाव मीटर खाली आणली तर १५८ होतो.

या तीन आकड्यांत आकाराची निम्मी निवड आहे. हलक्या जोडीला आधीच ताकद सोडावी लागते. त्यांना सपाट शीड हवं, वरचा भाग लवकर उघडणारं. जड जोडी फुगीर शीड जास्त वेळ वापरू शकते आणि मंद वाऱ्यात तिला त्याची गरजही असते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, १० नॉटचा वारा १४ झाला की दाब जवळपास दुप्पट. म्हणून ट्रॅपीझवर पूर्ण बाहेर गेल्यानंतर शिडातून ताकद किती सहज काढता येते हे हलक्या जोडीने पहिल्यांदा पाहायचं. वजन सांगताना कपडे, हार्नेस, लाइफजॅकेट घालून काट्यावर उभे राहा. मनातलं वजन सांगू नका.

पाचवं काम: पोट किती आणि कुठे

कॅटॅमरान वेगाने जाते, त्यामुळे बोटीवर जाणवणारा वारा समोरून येतो आणि शीड बहुतेक वेळ आत ओढलेलं असतं. म्हणूनच एका हलच्या बोटीच्या तुलनेत कॅटॅमरानचं शीड सपाट असतं. अपविंडला साधारण ८ ते १२ टक्के खोली आणि ४० ते ४५ टक्क्यांच्या आसपास पोटाची जागा, या पट्ट्यात बहुतेक चांगली शिडं सापडतात. कुठल्या टोकाला जायचं हे तुमच्या पाण्यावर आणि वजनावर. आखूड, उभ्या लाटांत बोट वारंवार अडखळते आणि पुन्हा वेग घ्यायला पोट लागतं. सपाट पाण्यात पोट कमी असलं की बोट वाऱ्याच्या जास्त जवळ जाते.

यापेक्षाही नवख्यांना महत्त्वाची गोष्ट म्हणजे लफजवळचा पहिला वळसा. तो बारीक, सपाट असेल तर बोट वाऱ्याच्या खूप जवळ चढते, पण सुकाणाच्या इंचभर चुकीने टेलटेल (शिडावरचे वाऱ्याचा प्रवाह दाखवणारे धागे) कोसळतात. तो गोलसर असेल तर थोडी उंची (वाऱ्याच्या जवळ जाण्याची क्षमता) जाते, पण बोट चुका पोटात घालते. नवख्यांना मी नेहमी गोलसर वळसा मागायला सांगतो. पहिल्या काही हंगामांत शर्यत उंचीच्या दोन अंशांवर हरत नाही, बोट थांबल्यामुळे हरते. जिब (पुढचं छोटं शीड) आहे की नाही, आणि दोन्ही प्रकारे धावता का, हेही सेलमेकरला सांगा. जिबमधून निघालेला वारा मेनसेलच्या पुढच्या भागावर वेगळ्या कोनात येतो.

सहावं काम: डोकं

आता तो पहिला प्रश्न.

टोकदार शिडाच्या शेंड्याला कॉर्ड इतकी लहान असते की ती डोलकाठीच्या मागच्या गढूळ वाऱ्यातच राहते. तिथलं कापड जवळपास फुकट. रुंद, चौकोनी डोकं पाण्यापासून उंचावर, जिथे वारा जास्त असतो तिथे खरं काम करणारं कापड ठेवतं. शिवाय शेंड्याशी दाबाच्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला वळते आणि भोवरा तयार होतो. शिडाचा भार उंचीवर नीट वाटला गेला की त्या भोवऱ्यात वाया जाणारी ताकद कमी होते. पण मला चौकोनी डोकं आवडतं ते तिसऱ्याच कारणासाठी. वाऱ्याचा झोत आला की डोक्याचा मागचा कोपरा आपोआप बाहेर झुकतो, शीड वरून पीळ घेतं, ताकद सुटते, आणि झोत ओसरला की परत येतं. मेनशीट सोडायच्या आत शिडाने अर्धं काम केलेलं असतं.

हे सगळं डोलकाठीच्या शेंड्यावर अवलंबून आहे. डोक्यातली तिरकी बॅटन शेंड्याला मागे खेचते आणि शेंड्याने थोडं मान्य करावं लागतं. शेंडा अगदी ताठ असेल तर डोकं झुकतच नाही, उलट उंचावरचं जास्तीचं कापड बोट कलंडवायला मदत करतं. शेंडा फार मऊ असेल तर डोकं लवकर पडून राहतं आणि मंद-मध्यम वाऱ्यात वरचा सगळा भाग निकामी. जुन्या बोटीची डोलकाठी टोकदार शिडाच्या काळातली असेल तर तिच्यावर खूप रुंद डोकं लावू नका. मधला मार्ग घ्या: थोडं रुंद डोकं आणि त्याखाली गोलसर रोच. दाबाची जागा फार वर जात नाही आणि झोतात उघडण्याचा बराचसा फायदा मिळतो. हलक्या जोडीने रुंदी आणखी आवरती घ्यावी.

मंद वाऱ्यातली एक अडचण आधीच माहीत असू द्या. दिशा बदलल्यावर आरपार बॅटनचं पोट दुसऱ्या बाजूला पलटावं लागतं. वारा कमी असला की वरच्या बॅटन जुन्याच बाजूला अडून बसतात आणि बूमला झटका देऊन पलटवाव्या लागतात. रुंद डोक्यात हे जास्त होतं.

फूट पार ट्रॅम्पोलिनपर्यंत (दोन हलमधल्या ताणलेल्या जाळीपर्यंत) खाली आणलेली शिडं ए-क्लासमध्ये रुळली आणि तिथून इतर बोटींवरही दिसू लागली. शीड आणि ट्रॅम्पोलिनमधली फट बंद होते, खालून निसटणारा दाब अडतो, आणि कापड खाली आल्यामुळे दाबाची जागाही उतरते. चौथ्या कामातल्या पाव मीटरच्या हिशोबावरून त्याचं मोल कळेल. पण दिशा बदलताना शिडाखालून जायला जागाच उरत नाही, मागून सरपटत जावं लागतं. दोघांच्या बोटीवर, नव्या जोडीला, हे पाण्यात नेणारं आहे. दिशा बदलणं हाताला बसल्यावर पुढच्या शिडाला विचार करा.

कापड

थोडक्यात सांगतो. विणलेलं पॉलिएस्टर टिकतं, घडी सहन करतं, पण हळूहळू ताणतं. फिल्मचे थर असलेलं लॅमिनेट आकार घट्ट धरतं, मात्र ऊन आणि फडफड त्याला लवकर खातात, आणि आयुष्य संपतं तेव्हा थर सुटू लागतात. आकाराशी याचा थेट संबंध आहे. पॉलिएस्टरमध्ये डाउनहॉल ओढला की लफजवळचं कापड ताणून पोट पुढे येतं. ताठ लॅमिनेटमध्ये कापड फारसं ताणत नाही, डाउनहॉल मुख्यतः डोलकाठी वाकवतो आणि लीच उघडतो. म्हणजे लॅमिनेट घेणाऱ्याचं डोलकाठीचं माप आणखी अचूक हवं, आणि डाउनहॉलची पुली-रचनाही तेवढी जोरदार हवी.

बॅटन

बॅटन म्हणजे शिडाच्या पोटाचा सांगाडा. नवीन शिडात जुन्या बॅटन घालून पैसे वाचवायचा मोह सोडा, निदान मोजल्याशिवाय घालू नका. घरातला वजनकाटा घ्या, बॅटन त्यावर उभी धरा, वरून सरळ खाली दाबा. एका क्षणी ती धनुष्यासारखी वाकते आणि काट्यावरचा आकडा जवळपास स्थिर होतो. तो आकडा म्हणजे तिचा ताठपणा. वाकलेली असताना सर्वांत खोल जागा पुढच्या टोकापासून किती टक्क्यांवर आहे तेही पाहा. पुढच्या बाजूला निमुळती असेल तर पोट पुढे बसतं. प्रत्येक बॅटनवर तिचा आकडा कायमच्या शाईने लिहून ठेवा. सेलमेकरने ठरवलेल्या आकड्यांपेक्षा त्या मऊ असतील तर शीड झोतात फुगेल. आणि बॅटन शिडात बसवताना उभ्या सुरकुत्या जेमतेम जातील एवढंच आवळा. जास्त आवळून आलेलं पोट जोराच्या वाऱ्यात काढता येत नाही.

ऑर्डर देताना

सेलमेकरला पाठवायच्या कागदावर हे असू द्या: बोटीचा वर्ग आणि नियम, डोलकाठीचे तिन्ही बाक आणि मूळ बाक, डायमंडचा ताण, दोघांचं खरं वजन, जुन्या शिडाचे फोटो, तुम्ही बहुतेक किती वाऱ्यात आणि कशा पाण्यात धावता, आणि जुन्या शिडातली एक तक्रार तुमच्या शब्दांत. "जोराच्या वाऱ्यात सपाट होत नाही" किंवा "मंद वाऱ्यात मेल्यासारखं वाटतं" असं एक वाक्य बऱ्याचदा आकड्यांपेक्षा जास्त सांगून जातं. लफची लांबी, खोबणीत जाणाऱ्या दोराची जाडी, शेंड्याशी शीड अडकवायच्या हुकची पद्धत आणि क्लूची बूमपासूनची जागा ही मापं स्वतः घ्या. यातलं एक चुकलं तर सुंदर शीड खोबणीत जाणारच नाही, किंवा मेनशीटच्या पुली एकमेकींना भिडतील आणि शीड पूर्ण ओढता येणार नाही.

चांगला सेलमेकर तुम्हाला उलट प्रश्न विचारतो. तुमच्या डोलकाठीबद्दल काहीही न विचारता कोणी ऑर्डर घेत असेल, तर दुसरीकडे जा. वापरलेलं शीड घेत असाल तर ते कुठल्या डोलकाठीवर आणि किती वजनाच्या जोडीने वापरलं ते विचारा, जमिनीवर अंथरून सुतळी ताणा, आणि तुमच्या आकड्यांशी ताडून पाहा. दहा मिनिटांचं काम आहे.

शीड आल्यावर

पहिल्यांदा जमिनीवर चढवा, मंद वाऱ्यात. डाउनहॉल सैल ठेवला की लफवर आडव्या सुरकुत्या दिसतील, त्यात काळजीचं काही नाही. थोडं ओढल्यावर त्या जातात. खूप ओढल्यावर लफलगत उभी घडी येते, ती मर्यादा लक्षात ठेवा. मेनशीट आणि डाउनहॉल पूर्ण ओढल्यावर लफच्या मध्यापासून क्लूकडे तिरक्या सुरकुत्या पडल्या तर डोलकाठी शिडाच्या गोलाईपेक्षा जास्त वाकते आहे. थोड्या असतील तर स्प्रेडरचा झुकाव किंवा डायमंडचा ताण बदलून मूळ बाक कमी करता येतो. खोल असतील तर फोटो काढून सेलमेकरला पाठवा; लफची कड पुन्हा कापून घेणं हे त्यांच्या नेहमीच्या कामातलं आहे. उलट पुढचा भाग काही केल्या सपाट होत नसेल तर बाक कमी पडतोय, तो वाढवून पाहा.

पाण्यात पहिला दिवस आठ ते बारा नॉटचा निवडा. किनाऱ्यावर शीड फडफडत ठेवू नका, चढवलं की निघा. बूमखालून तोच फोटो काढा, त्याच जागेवरून, डाउनहॉलच्या तीन स्थितींत: सैल, मध्यम, पूर्ण. डाउनहॉलच्या दोरावर त्या तीन जागी खुणा करा. फोटोंवर तारीख, वारा आणि बॅटनचे आकडे लिहा. वीसेक वेळा पाण्यात जाऊन आल्यावर हेच तीन फोटो पुन्हा काढून जुन्यांशेजारी ठेवा. मधल्या खुणेवर पोट मागे सरकलेलं दिसलं, तर आधी बॅटन वजनकाट्यावर धरा.